बिबट मांजरांची जोडी पिल्ले का वाढवत नाही? लहान मार्जारांचे निवासस्थान आणि प्रजनन

प्रश्न: आमच्या प्राणिसंग्रहालयात बिबट मांजरांची, म्हणजे लेपर्ड कॅटची, एक जोडी आहे. त्यांचा पिंजरा मोठ्या मार्जारांच्या ओळीत, बिबट्यांच्या शेजारी आहे. मादी दिवसभर जाळीलगत येरझाऱ्या घालते. मागच्या हंगामात ती व्याली, पण तिसऱ्या दिवशी तिने पिल्ले खाऊन टाकली. पुढच्या वेळी पिल्ले काढून घेऊन हाताने वाढवावीत, नर बदलावा, की पिंजरा मोठा करावा?

उत्तर: या तीन उपायांपैकी एकही मी आज करणार नाही. आधी ही जोडी बिबट्यांच्या शेजारून हलवा, मग मादीला लपायला पुरेशा जागा द्या आणि त्यानंतर किमान एक पूर्ण हंगाम जाऊ द्या. नर सक्षम आहे हे त्या वेताने दाखवून दिले आहे. मादी फळते, दिवस पूर्ण भरवते आणि विते, हेही सिद्ध झाले आहे. बिघडले आहे ते त्यानंतरचे, आणि तुम्ही सांगता त्या येरझाऱ्यांचे मूळही तेथेच असावे असे मला वाटते.

मार्जारकुळातील सुमारे ४० जातींपैकी ३० हून अधिक जाती लहान आहेत, तरीही प्राणिसंग्रहालयांची रचना बहुधा वाघ, सिंह आणि बिबट्या यांना समोर ठेवून केलेली असते आणि लहान मांजरांना त्याच रचनेची छोटी आवृत्ती दिली जाते. येथेच चूक होते. वाघाला जंगलात दुसऱ्या वाघाखेरीज आणि माणसाखेरीज फारसे कोणाचे भय नसते, म्हणून तो उघड्यावर पसरून झोपू शकतो. लहान मांजर मात्र शिकारी असते तसेच भक्ष्यही असते. बिबट्या, रानकुत्री, अजगर, मोठी घुबडे यांच्यापासून त्याला आयुष्यभर जपावे लागते. आपण कोणाला दिसत नाही, ही खात्री असेल तेव्हाच ते निवांत असते. बिबट्याच्या वासात आणि नजरेच्या टप्प्यात ठेवलेल्या मादीला ही खात्री दिवसातून एक क्षणही मिळत नाही, आणि तिथून निघून जाणेही तिच्या हाती नसते.

हे केवळ निरीक्षकाचे मत नाही. कार्लस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका बिबट मांजरांवरच होता. ही मांजरे मोठ्या मार्जारांच्या जवळच्या, रिकाम्या पिंजऱ्यांत हलवल्यावर त्यांच्या मूत्रातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, वाढले आणि वाढलेलेच राहिले. त्याच पिंजऱ्यांत फांद्या आणि लपण्याच्या जागा दिल्यावर कॉर्टिसॉल उतरले आणि येरझाऱ्याही कमी झाल्या. क्लाउडेड लेपर्ड या झाडांवर वावरणाऱ्या आशियाई मार्जाराविषयी उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. शेजारी मोठे शिकारी प्राणी दिसत असतील तर विष्ठेतील ताणदर्शक संप्रेरके जास्त आढळली, आणि पिंजऱ्याची उंची जास्त असेल तर ती कमी आढळली. ब्राझीलमध्ये टिग्रिना आणि मार्गे या लहान मार्जारांच्या दोन जातींच्या माद्यांना प्रशस्त, झाडीच्या पिंजऱ्यांतून लहान, ओक्याबोक्या पिंजऱ्यांत नेल्यावर ताण तर वाढलाच, शिवाय बीजांडकोशाच्या चक्रावरही परिणाम झाला. म्हणजे निवासस्थान आणि प्रजनन हे दोन वेगळे विभाग नाहीत. पिंजरा चुकला की माज चुकतो, माज टिकला तरी मातृत्व चुकते.

जोडी हलवणे तातडीने शक्य नसेल, तर मधली बाजू भरीव भिंतीने किंवा जाड फळ्यांनी पूर्ण बंद करा. हा आडोसा मांजराच्या सर्वांत उंच फळीवरूनही पलीकडचे काही दिसणार नाही इतका उंच हवा. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर मोजलेला आडोसा येथे कामाचा नाही, कारण मांजर बसते ते छपराखाली. दृष्टी अडवल्याने वास आणि आवाज अडत नाहीत, म्हणून ही तात्पुरती सोय समजावी. बिबट्यांच्या पिंजऱ्यातून आलेला कीपर, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणारा कर्मचारी, त्याच बुटांनी, त्याच झाडूने आणि त्याच बादलीने मांजरांकडे जात असेल तर तेही थांबवावे. मांजरांचे काम आधी, मोठ्या प्राण्यांचे नंतर, हा क्रम ठेवल्यास यासाठी खर्च काहीच येत नाही.

पिंजरा मोठा करण्याविषयी माझे मत असे आहे की क्षेत्रफळापेक्षा त्या जागेचा किती भाग मांजर प्रत्यक्ष वापरू शकते हे पाहावे. मधोमध मोकळे गवत असलेला मोठा पिंजरा या प्राण्याच्या दृष्टीने अरुंदच असतो, कारण ते त्या मोकळ्या भागात पाऊल टाकत नाही आणि कडेकडेनेच फिरत राहते. जमिनीवर दाट झुडपे, पोकळ ओंडके आणि उंच गवताचे पट्टे असावेत. वर रुंद फळ्या असाव्यात, त्यांतील निम्म्या तरी भिंतीला टेकलेल्या, म्हणजे पाठ सुरक्षित ठेवून बसता येते. फांद्यांची जोडणी अशी हवी की दोन मांजरे समोरासमोर न येता एकमेकांना ओलांडून जाऊ शकतील. ज्या फळीवर जायला एकच वाट आहे ती फळी भांडणाच्या वेळी सापळा ठरते. प्रत्येक विश्रांतीच्या जागेला दोन वाटा असणे हा माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. प्रेक्षकांची बाजू एकच ठेवावी. चारही बाजूंनी माणसे असतील तर कितीही झाडी लावली तरी मांजराला पाठ फिरवायला दिशा उरत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की मांजर लपले तर लोकांना ते दिसणार कसे. अनुभव असा आहे की लपायची सोय असलेले मांजर अधिक वेळा बाहेर येते, कारण परतीची वाट त्याला ठाऊक असते. थंडीत काचेजवळ किंवा जाळीजवळ एक उबदार, उंच फळी ठेवावी, अन्नाचा काही भाग त्या बाजूला लपवावा, एवढे पुरते. तरीही एखादी जोडी प्रजननासाठी फार मोलाची असेल तर ती प्रदर्शनात ठेवू नये. स्कॉटलंडमधील रानमांजरांना निसर्गात सोडण्यासाठी वाढवण्याचे केंद्र हायलँड वाइल्डलाइफ पार्कच्या आवारात असूनही तेथे प्रेक्षकांना प्रवेश नाही आणि निरीक्षण कॅमेऱ्यांतून होते. तेथील मांजरे २०२३ पासून स्कॉटलंडमधीलच केअरनगॉर्म्स या डोंगराळ परिसरात सोडली जात आहेत.

बांधकामातील दोन-तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. छप्पर जाळीचे पण पूर्ण बंद हवे. जाळीचा डोळा प्रौढ मांजराच्या नव्हे, तर चार आठवड्यांच्या पिल्लाच्या डोक्याच्या मापाने ठरवावा. अडीच सेंटिमीटरहून मोठा डोळा मी या जातींसाठी स्वीकारत नाही. प्रवेशाला दोन दारांची खोली असावी. जाळी जमिनीत खोल गाडलेली असावी, कारण आतले मांजर बाहेर जाण्याइतकाच बाहेरचे भटके मांजर, साप किंवा घूस आत येण्याचा धोका असतो.

स्वच्छतेविषयी मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण येथे चांगल्या हेतूने नुकसान होते. लहान मार्जार मूत्राचे फवारे, विष्ठा आणि गालांचे घर्षण यांनी आपली जागा आखतात. रोज सगळा पिंजरा जंतुनाशकाने धुतला की ती आखणी पुसली जाते आणि प्राणी पुन्हा पुन्हा तीच करत राहतो. विष्ठा आणि उरलेले अन्न रोज उचलावे, पाण्याचे भांडे रोज घासावे, पण फांद्या, फळ्या आणि खोकी यांची धुलाई आलटूनपालटून, एका वेळी थोडीच करावी. फिनॉल असलेली जंतुनाशके मार्जारांच्या पिंजऱ्यात वापरूच नयेत. मांजरांच्या यकृताला हे द्रव्य निकामी करता येत नाही. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथरोगाचा विषाणू अनेक साध्या जंतुनाशकांना दाद देत नाही, पण योग्य प्रमाणात पातळ केलेल्या ब्लीचने नष्ट होतो. ब्लीचनंतर मात्र पाण्याने भरपूर धुऊन, वास पूर्ण गेल्यावरच मांजर आत सोडावे.

आता कीपरविषयी. जिल मेलन यांनी १९९१ मध्ये लहान मार्जारांच्या प्रजननयशावर कोणत्या गोष्टींचा प्रभाव पडतो याचा सांख्यिकी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जे कीपर आपल्या मांजरांशी बोलतात, त्यांच्याजवळ वेळ घालवतात, त्यांच्याकडील मांजरांना यश अधिक मिळाल्याचे दिसले. एक नर आणि एक मादी अशी जोडी ठेवणेही अनुकूल ठरले. क्लाउडेड लेपर्डच्या अभ्यासातही कीपरांची संख्या जितकी जास्त, तितका ताण जास्त असेच आढळले. म्हणून पाळी लावून रोज नवा माणूस पाठवण्याची पद्धत या जातींसाठी घातक मानावी. एक मुख्य आणि एक पर्यायी, असे दोनच माणसे त्यांच्याकडे जावीत. त्यांनी रोज ठरलेल्या वेळी, हळू आवाजात बोलत यावे आणि हातात काही चांगले खाणे घेऊन यावे. माणसाळवणे हा यामागचा हेतू नाही. येणारा माणूस कोण आहे आणि तो काय करणार आहे हे मांजराला आधीच कळावे, एवढाच आहे.

येरझाऱ्यांवर अन्न देण्याच्या पद्धतीचाही मोठा परिणाम होतो. रोज एकाच वेळी, एकाच थाळीत मांस ठेवले तर शिकारीसाठी घडलेल्या प्राण्याचे दिवसभराचे काम दोन मिनिटांत संपते. काळ्या पायांचे आफ्रिकी मांजर एका रात्रीत दहा-बारा लहान भक्ष्ये पकडते, हे लक्षात घेतले तर एका थाळीतून किती मोठी पोकळी निर्माण होते हे कळेल. शेफर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवले की बिबट मांजरांना तेवढेच अन्न दिवसातून अनेक वेळा, काटक्यांच्या ढिगांत लपवून दिले तर त्यांचे शोधक वर्तन वाढते आणि येरझाऱ्या घटतात. तुमच्याकडे हे उद्यापासून सुरू करता येईल. दिवसाचा वाटा चार-पाच तुकड्यांत विभागावा, जागा रोज बदलाव्यात, आणि नर-मादी यांचे अन्न एकमेकांपासून दूर ठेवावे.

आहाराबाबत मूळ तत्त्व एवढेच की भक्ष्य शक्यतो पूर्ण द्यावे, म्हणजे हाडे, आतडी आणि केसांसह. नुसत्या मांसात फॉस्फरसच्या मानाने कॅल्शियम फारच कमी असते, आणि अशा आहारावर वाढलेल्या पिल्लांची हाडे वाकतात किंवा मोडतात. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजरांना आहारातूनच मिळावे लागते. त्याच्या अभावाने डोळ्यांचा पडदा निकामी होतो हे १९७५ मध्ये आणि हृदयाचे स्नायू सैल पडतात हे १९८७ मध्ये स्पष्ट झाले. गाजरातील कॅरोटिनपासून जीवनसत्त्व अ बनवणे मांजरांना जमत नाही. फिशिंग कॅटला, म्हणजे मासे पकडणाऱ्या रानमांजराला, गोठवलेले मासे देत असाल तर काही जातींच्या माशांत थायमिन (जीवनसत्त्व ब-१) नष्ट करणारे विकर असते, म्हणून थायमिन वेगळे द्यावे.

तुमच्या मुख्य दुखण्याकडे, म्हणजे पिल्ले खाण्याकडे, येतो. मादी पिल्ले खाते याची कारणे साधारणपणे तीन. पिल्लू मृत किंवा फार अशक्त असते आणि ती जागा स्वच्छ करते. हे नैसर्गिक आहे आणि त्याला उपाय नाही. मादीचे पहिलेच वेत असते आणि अनुभव नसतो. अशा माद्यांपैकी अनेक जणी दुसऱ्या-तिसऱ्या वेताला उत्तम आया होतात. तिसरे आणि टाळता येण्याजोगे कारण म्हणजे तिला ती जागा सुरक्षित वाटत नाही. रानात अशा वेळी ती पिल्ले तोंडात धरून दुसऱ्या बिळात नेते. पिंजऱ्यात दुसरे बीळ नसेल तर पिल्लू तोंडात धरून ती फिरत राहते, ते गारठते, जखमी होते आणि शेवटी खाल्ले जाते. तुमच्याकडे मादीला विण्यासाठी बहुधा एकच खोके असावे, आणि शेजारी बिबट्या होता.

म्हणून प्रसूतीच्या खूप आधी, शक्यतो नर-मादी एकत्र येण्यापूर्वीच, किमान तीन खोकी पिंजऱ्याच्या वेगवेगळ्या भागांत ठेवावीत: एक जमिनीवर, एक मध्यम उंचीवर, एक रात्रीच्या खोलीत. बिबट मांजराच्या आकाराच्या मादीला साधारण ६० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद-उंच खोके पुरते. त्यात आडवी फळी घालून दोन कप्पे करावेत, म्हणजे दारातून पाहणाऱ्याला आतला कप्पा दिसत नाही. तळाशी कोरडे गवत घालावे. लाकडाचा बारीक भुसा पिल्लांच्या नाकातोंडात जातो. प्रत्येक खोक्यात अंधारात दिसणारा इन्फ्रारेड कॅमेरा बसवावा, आणि तोही काही महिने आधी, म्हणजे ती त्याला सरावते. प्रसूतीनंतर बसवलेला कॅमेरा उपयोगापेक्षा अपायच करतो.

बिबट मांजराची गर्भावस्था साधारण ६० ते ७० दिवसांची असते. मीलनाची तारीख नोंदवलेली असेल तर ५० व्या दिवसाच्या सुमारास नर वेगळा करावा, मात्र असा की मादीला तिच्या परिचित जागेतून हलावे लागू नये. हलवायचे ते नराला. त्यानंतर पिंजऱ्याजवळ बांधकाम, फवारणी, रंगकाम, पाहुण्यांच्या खास भेटी, सगळे बंद ठेवावे. प्रसूतीनंतरचे पहिले दहा-पंधरा दिवस कोणीही खोके उघडू नये, पिल्ले मोजू नयेत, वजन करू नये. अन्न आणि पाणी आत सरकवावे आणि बाहेर पडावे. दूध पिताना दिसणारी, गोलसर पोटाची आणि शांत झोपणारी पिल्ले कॅमेऱ्यात ओळखू येतात. एखादे पिल्लू सतत ओरडत एकटे पडले असेल तेव्हाच हस्तक्षेपाचा विचार करावा. पहिली तपासणी आणि लसीकरण आठव्या आठवड्याच्या सुमारास एकत्र उरकले तर मादीला एकदाच त्रास होतो.

कॅमेऱ्याचे मोल इबेरियन लिंक्स या स्पेन-पोर्तुगालमधील रानमार्जाराच्या प्रकल्पातून चांगले कळते. त्या जातीची बंदिवासातील पहिली पिल्ले २००५ मध्ये स्पेनमधील एल अथेबुचे केंद्रात जन्मली. तीन पिल्लांपैकी एक सहा आठवड्यांच्या सुमारास भावंडांच्या भांडणात दगावले. या वयात भावंडांत जीवघेणी भांडणे होतात हे त्यानंतर केंद्रांनी ध्यानात घेतले, आणि त्या आठवड्यांत चोवीस तास पाळत ठेवून गरज पडेल तेव्हाच मध्ये पडण्याची पद्धत बसली. बिबट मांजरांत असा धोका इतका ठळक नाही, पण कुठल्या वयात काय घडते हे न त्रास देता पाहण्याचा दुसरा मार्ग नाही.

पिल्ले हाताने वाढवण्याला माझा विरोध का आहे हे स्पष्ट करतो. मेलन यांनी १९९२ मध्ये घरमांजरांना नमुना मानून केलेल्या अभ्यासात हाताने वाढवलेल्या मांजरांचे प्रौढपणीचे सामाजिक आणि लैंगिक वर्तन आईने वाढवलेल्या मांजरांपेक्षा कमकुवत आढळले. म्हणजे आज तुम्ही पिल्ले वाचवता, पण पुढच्या पिढीत प्रजनन न करणारे प्राणी तयार होतात, आणि मूळ दोष, म्हणजे मादीला घाबरवणारा पिंजरा, तसाच राहतो. आईचा पहिला चीकही बुडतो. पिल्लांच्या आतड्यांतून त्यातील प्रतिपिंडे शोषली जाण्याची मुदत जन्मानंतर एक दिवसापेक्षाही कमी असते. आई मेली किंवा दूधच आले नाही, तर अर्थात पिल्ले उचलावीच लागतील. तेव्हा किमान दोन पिल्ले एकत्र वाढवावीत, बाटलीच्या वेळेखेरीज हाताळू नये आणि डोळे उघडल्यानंतर लवकरात लवकर त्यांना प्रौढ मांजरांच्या वासाच्या आणि आवाजाच्या टप्प्यात ठेवावे.

नवी जोडी जमवण्याची वेळ पुढे येईलच, म्हणून त्याविषयीही लिहितो. सर्वांत जास्त मृत्यू आणि जखमा या टप्प्यावर होतात. क्लाउडेड लेपर्डमध्ये प्रौढ नराने नव्या मादीला ठार मारल्याच्या घटना इतक्या झाल्या की आता त्यांच्या जोड्या एक वर्षाच्या आतच, पिल्लू वयात, जमवल्या जातात. फिशिंग कॅटचा नर मादीहून बराच जड असतो, त्यामुळे तेथेही हीच काळजी घ्यावी लागते. आधी काही आठवडे दोघांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवावे, त्यांची अंथरुणे आणि लोळलेल्या फांद्या अदलाबदल कराव्यात, दोघांना जाळीजवळ पण एकमेकांपासून दूर खायला घालावे. मादी जाळीला अंग घासू लागली, लोळू लागली, वेगळ्या आवाजात बोलावू लागली आणि नर फिस्कारण्याऐवजी मऊ आवाज काढत जाळीपाशी बसू लागला, की मगच दार उघडावे. सकाळी, दोघांची पोटे भरलेली असताना, मादीच्या परिचित पिंजऱ्यात नराला सोडावे. मादीला आत शिरता येईल पण नराला येणार नाही अशी अरुंद वाट असलेली एक खोली असावी. हाताशी पाण्याचा पाइप आणि मध्ये सरकवायची फळी असावी. मीलनात नर मादीची मान पकडतो आणि मीलनानंतर मादी त्याच्यावर पंजा उगारते. नवख्या कीपरने याला भांडण समजून दोघांना वेगळे केले की अनेक दिवसांची तयारी वाया जाते.

बहुतेक मार्जारांत बीज सुटण्यासाठी मीलनाचे उत्तेजन लागते आणि एकच मीलन पुष्कळदा पुरत नाही. म्हणून माजाच्या संपूर्ण काळात जोडी एकत्र राहील असे पाहावे. मार्गे, क्लाउडेड लेपर्ड अशा काही जातींत मीलनाविनाही बीज सुटते. मीलन झाले, बीज सुटले, पण गर्भ राहिला नाही, तर मादीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे संप्रेरक साधारण महिना-सव्वा महिना चढलेले राहते, गर्भ असेल तर दोन महिन्यांहून अधिक. विष्ठेतील संप्रेरकांची तपासणी त्यामुळे फार उपयोगी पडते, आणि त्यासाठी मादीला पकडावेही लागत नाही. खोटी गर्भधारणा वारंवार दिसत असेल तर दोष नरात असू शकतो. लहान मार्जारांच्या अनेक जातींत विकृत शुक्राणूंचे प्रमाण मोठे असते, विशेषतः आनुवंशिक विविधता घटलेल्या समूहांत. नर बदलण्याचा निर्णय अशा तपासणीनंतर घ्यावा. तुमच्याकडे तो प्रश्नच नाही.

जातीजातींत फरक मोठे आहेत आणि एका जातीचा नियम दुसरीला लावू नये. मध्य आशियातील पॅलास मांजर काटेकोरपणे ऋतुबद्ध आहे. मादीचा माज जेमतेम एक-दोन दिवसांचा असतो आणि रात्रीचे कृत्रिम दिवे त्याचा हंगाम बिघडवतात. शिवाय त्याची पिल्ले टॉक्सोप्लाझ्मोसिसने, म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाने, मोठ्या संख्येने दगावतात, कारण उंच, थंड आणि कोरड्या मूळ प्रदेशात या परजीवीशी त्याची गाठ फारशी पडत नाही. वाळवंटी सँड कॅटला दमट हवेत श्वसनाचे विकार होतात. काळ्या पायांच्या मांजरांत मूत्रपिंडांचा अमायलॉइडोसिस (प्रथिने साठून अवयव निकामी होणे) आणि फिशिंग कॅटमध्ये मूत्राशयाचा कर्करोग हे बंदिवासातील ठळक आजार आहेत. वाघाटी, म्हणजे रस्टी-स्पॉटेड कॅट, वजनाने जेमतेम एक-दीड किलोची. तिच्यासाठी जाळीचा डोळा आणि खोक्याचे दार दोन्ही आणखी लहान हवे. बिबट मांजर यांच्या तुलनेत सोशिक आहे, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

रोगांविषयी इतकेच सांगतो की भटकी मांजरे आवारात असतील तर पॅनल्युकोपेनिया आणि टॉक्सोप्लाझ्मा दोन्ही आत येणार. लसी निष्क्रिय विषाणूंच्या वापराव्यात; घरमांजरांसाठीच्या जिवंत, सौम्य केलेल्या लसींनी वन्य जातींत आजार होऊ शकतो. मांस उणे १२ अंश सेल्सिअसखाली काही दिवस गोठवल्यास टॉक्सोप्लाझ्माची पुटिका मरते, पण बर्ड फ्लूचा विषाणू गोठवण्याने मरत नाही. २००४ मध्ये थायलंडमध्ये कच्च्या कोंबड्या खाऊन वाघ मोठ्या संख्येने मेले, आणि २०२४ च्या अखेरीस अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात मार्जारांच्या एका आश्रयकेंद्रातील २० मार्जार याच विषाणूने दगावले. त्यांत लहान जातीही होत्या. साथ असेल तेव्हा कोंबडी पूर्ण बंद करून उंदीर, ससे यांवर यावे.

शेवटचा मुद्दा पिल्लांच्या पुढच्या आयुष्याचा. बिबट मांजरे साधारण वर्षभराच्या आत वयात येतात, म्हणून भावंडे त्याआधी वेगळी करावी लागतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र जागा लागते. वंशावळीच्या नोंदवहीचे समन्वयक कोणत्या जोडीला प्रजननाची गरज आहे हे सांगतात; त्यांना न विचारता काढलेली पिल्ले बहुतेकदा जागा अडवणारी ठरतात. दुसरीकडे, मादीला वर्षानुवर्षे माजावर येऊ देऊन फळू न देणेही गर्भाशयाला हानिकारक असते, आणि उशिरा परवानगी आली तोवर ती वांझ झालेली असते. प्रजनन काही काळ थांबवायचे असेल तर प्रोजेस्टिन वर्गाची (प्रोजेस्टेरॉनसारखी) गर्भनिरोधक औषधे टाळावीत, कारण मार्जारांत त्यांचा स्तन आणि गर्भाशयाच्या कर्करोगांशी संबंध दिसला आहे. डेस्लोरेलिन या प्रजनन तात्पुरते थांबवणाऱ्या औषधाचे त्वचेखालील रोपण किंवा नर-मादी वेगळे ठेवणे अधिक बरे. तुमच्याकडे पुढच्या हंगामापर्यंत बिबट्यांपासून दूरची जागा, तीन खोकी आणि पिल्लांसाठी दोन रिकामे पिंजरे तयार होत असतील तर जोडी एकत्र ठेवा. होत नसतील तर मादीला शेजारच्या पिंजऱ्यात, नराच्या वासाच्या टप्प्यात पण जाळीपलीकडे ठेवा आणि बांधकाम पूर्ण होईपर्यंत हा हंगाम तसाच जाऊ द्या.